खंदकातून दिसणारं एकेचाळिसावं सहस्रक

पहिल्या मसुद्याची सुरुवातीची दहा पानं आम्ही जपून ठेवली आहेत. त्यात दहा हजार वर्षं सुवर्णसिंहासनावर खिळलेला सम्राट आहे, त्याच्यासाठी रोज बळी जाणारे हजार सायकर, म्हणजे मनःशक्ती असलेली माणसं, आहेत, दहा लाख ग्रहांचं साम्राज्य आहे आणि हे सगळं घनगंभीर आवाजात सांगणारा निवेदक आहे. दहा पानांत एकतीस विशेषनामं. वॉरहॅमर ४०,००० हे नावही न ऐकलेल्या एका वाचकाला ती पानं दिली आणि सांगितलं, जिथे अडखळशील तिथे पेन्सिलीने रेघ मार. चौथ्या पानानंतर एकही रेघ नव्हती. तिथून पुढे त्याने वाचलंच नव्हतं.

या विश्वावर मालिका करायची झाली तर कशी करावी, याचा कागदावरचा सराव आम्ही चौघांनी अकरा रविवार केला. आठ भागांचं बायबल (मालिकेचा सविस्तर आराखडा), पहिल्या भागाची पूर्ण पटकथा, प्रसंगवार ब्रेकडाउन आणि वेशभूषेच्या दोन चाचण्या एवढा ऐवज त्यातून हाती आला. काय चुकलं, का चुकलं आणि कशाने सुटलं, ते इथे लिहितो आहोत.

ज्यांना हे विश्व नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉरहॅमर ४०,००० हा रंगवलेल्या छोट्या सैनिकांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने तो १९८७ साली काढला, मूळ रचना रिक प्रीस्टली यांची. 'ग्रिमडार्क', म्हणजे आशेला जागाच नसलेलं काळंकुट्ट विश्व, हा आज सर्रास वापरला जाणारा शब्दच या खेळाच्या घोषवाक्यातून निघाला. अ‍ॅमेझॉन आणि गेम्स वर्कशॉप यांनी डिसेंबर २०२२ मध्ये मालिका-चित्रपटांच्या बोलणीची घोषणा केली. हेन्री कॅव्हिल हा अभिनेता आणि कार्यकारी निर्माता म्हणून त्यात आहे. पक्का करार डिसेंबर २०२३ मध्ये झाला आणि सर्जनशील चौकटीवर दोघांचं एकमत झाल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. कॅमेरा सुरू होण्याआधीच दोन वर्षं. या विश्वात काय दाखवायचं आणि काय नाही, हे ठरवणं किती अवघड आहे ते यावरून कळावं. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. या विश्वावर चाहत्यांनी स्वतःचे चित्रपट किंवा अ‍ॅनिमेशन करू नयेत, असं कंपनीने २०२१ मध्ये आपल्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून आमचं सगळं काम कागद, तक्ते आणि वाचन यांच्यापुरतंच ठेवलं. असा सराव कुणी करणार असेल तर आधी ते नियम वाचावेत, मगच कामाला लागावं.

एकतीस नावांच्या फजितीनंतर आम्ही नियम केला: पहिल्या भागात नवे शब्द फक्त सात. इंपेरियम, टाइद, लासगन, कमिसार, सर्व्हिटर, वॉर्प, अ‍ॅस्ट्रोपाथ. टाइद म्हणजे प्रत्येक ग्रहाने साम्राज्याला द्यायचा वसूल. त्यात धान्य येतं, खनिज येतं आणि माणसंही येतात. इंपेरियम म्हणजे माणसांचं ते साम्राज्य, लासगन म्हणजे प्रकाशकिरण सोडणारं हत्यार, कमिसार म्हणजे सैनिकांना मृत्युदंड देऊ शकणारा शिस्तीचा अधिकारी, सर्व्हिटर म्हणजे यंत्र जोडून गुलाम केलेला माणूस, आणि वॉर्प म्हणजे जहाजं जिच्यातून प्रवास करतात ती दुसरी मिती. शब्द यायचा तो वस्तू पडद्यावर असताना आणि कुणीतरी तिचं काहीतरी करत असताना. समजावून सांगणारा संवाद दिसला की कापायचा.

अ‍ॅस्ट्रोपाथचा प्रसंग याच नियमातून उभा राहिला. पहिल्या मसुद्यात एक अधिकारी दुसऱ्याला सांगत होता की ताऱ्यांमधलं अंतर एवढं प्रचंड आहे की निरोप मनानेच पाठवावे लागतात, ते काम करणारे लोक सम्राटाशी आत्म्याने जोडले जातात आणि त्यात त्यांची दृष्टी जाते, वगैरे. दीड पान. आता त्या जागी सहा ओळी आहेत. दगडी खोली, एक आंधळी बाई, तिचे दोन्ही दंड धरून उभी असलेली दोन माणसं. समोर लेखनिक, हातात टाक. बाईच्या तोंडून तुटक शब्द पडतात, लेखनिक टिपतो. तिच्या नाकातून रक्त येतं तेव्हा उजवीकडचा माणूस न बघताच पायाने बादली पुढे सरकवतो. त्या बादलीवरून कळतं की हे इथे रोज चालतं.

कथेचा कोपरा निवडायला तीन रविवार गेले. आधी स्पेस मरीन, म्हणजे युद्धासाठीच घडवलेले महाकाय योद्धे, घ्यायचे होते, कारण खेळाची ओळखच ते आहेत. पण जो माणूस भीती ओळखत नाही, झोपत नाही म्हटलं तरी चालेल आणि ज्याचं सबंध आयुष्य युद्धच आहे, त्याच्याबरोबर आठ भाग कसे काढायचे? त्याच्यात बदल काय होणार? इन्क्विझिशनचा, म्हणजे साम्राज्याच्या गुप्त चौकशी यंत्रणेचा, माग काढणारा निरीक्षक सोयीचा होता, पण त्याला सगळीकडे प्रवेश असतो. मग प्रेक्षकही सगळं वरून बघतो आणि साम्राज्याचं ओझं त्याच्या खांद्यावर कधी येतच नाही. साधे सैनिक, म्हणजे अ‍ॅस्ट्रा मिलिटारम, हा पर्याय उरला. तिथेही क्रीग या ग्रहाच्या सैनिकांचा मोह होता. लांब कोट, गॅस मास्क, खंदक: चित्र तयारच. अडचण अशी की त्या पलटणीचा मास्क उतरत नाही, आणि नटाचा चेहरा आठ भाग झाकून ठेवणारी मालिका आम्हाला लिहिता येईना. केडिया या किल्लेबंद ग्रहाचं पतनही सोडून दिलं. त्याचा शेवट ठरलेला आहे, माणसंही ठरलेली आहेत, आणि प्रत्येक दृश्यात जाणकार प्रेक्षक हातात फूटपट्टी घेऊन बसणार.

या विश्वाची मोठी सोय म्हणजे त्यात दहा लाख ग्रह आहेत आणि बहुतेकांबद्दल कुणीही काही लिहिलेलं नाही. आम्ही आमचा एक ग्रह घेतला, हालमार. थंड, खाणींचा. त्यावर उतरते दुसऱ्या ग्रहावरून टाइदमध्ये आलेली चार हजारांची पलटण. जहाजातल्या घड्याळाने चार महिने मोजले, हालमारवर मधे अकरा वर्षं गेली. वॉर्पमधून प्रवास केला की असं होऊ शकतं. ज्या बंडासाठी त्यांना बोलावलं होतं ते केव्हाच मिटलंय. परत पाठवायला नवा हुकूम लागतो, आणि हुकूम मागणारा निरोप जाऊन उत्तर यायला किती काळ लागेल ते कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात खाणीच्या पाणीपुरवठ्याच्या टेकडीवर खंदक खणा, असं सांगितलं जातं, कारण मूळ हुकमात तसं लिहिलंय.

शत्रू कोण, याचं उत्तर पैशाने दिलं. ऑर्क हे हिरवे राक्षसी योद्धे, म्हणजे प्रत्येक डोक्याला रबर आणि रंगाचे तास. टायरनिड हे ग्रहच्या ग्रह खाऊन टाकणारे परग्रही जीव, त्यांचे थवे म्हणजे पूर्ण संगणकावरचं काम. जीनस्टीलर या टायरनिडांच्याच जातीचा पंथ मात्र माणसांतच लपतो. एकदा संसर्ग झाला की पहिल्या पिढीतले संकर उघड राक्षसी दिसतात, पुढच्या पिढ्या हळूहळू माणसासारख्या होत जातात, आणि चौथी पिढी गर्दीत ओळखूही येत नाही. पंथ चार हातांच्या सम्राटाची पूजा करतो. शेवटी ज्या तारणहाराची वाट बघितली ती हाइव्ह फ्लीट, म्हणजे टायरनिडांचा ताफा, येते आणि पंथासकट सगळं खाऊन टाकते. सहा भाग माणसांचे, सातव्यात संशयाला जागा उरत नाही, आठव्यात आकाश. पैसे आठव्यासाठी राखता येतात.

इथेही हिशेब करावा लागला. संकरांच्या कपाळावरच्या वळ्यांचा सिलिकोनचा तुकडा चिकटवून, कडा विरघळवून, रंगवायला एका माणसामागे अडीच ते तीन तास जातात, आणि कडा फाटल्या की तो तुकडा पुन्हा वापरता येत नाही. म्हणून एका दिवसात जवळून दिसणारे सहाच संकर, बाकीचे वीस जण खाणकामगाराच्या हेल्मेटात आणि श्वासयंत्रात. खेळातला पंथही खाणीच्याच पोशाखात असतो, त्यामुळे काटकसर केली असं कुठे वाटत नाही.

आता पटकथेचं गणित. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. पहिल्या भागासाठी ४८ मिनिटं ठरवली होती, पहिला पूर्ण मसुदा ७१ पानांचा झाला: ५८ प्रसंग, १९ ठिकाणं. प्रत्येक प्रसंगाला रंगीत चिकटपट्टी लावली. उभ्या सेटवर होणारा प्रसंग हिरवा, गर्दी किंवा नवा सेट लागणारा पिवळा, संगणकी काम लागणारा लाल. भिंतीवर लावल्यावर ५८ पैकी २३ लाल. लाल पट्ट्या बहुतेक पहिल्या बारा मिनिटांत होत्या, कारण सुरुवात भव्य हवी असं आम्ही धरून चाललो होतो. अंतराळातला प्रवास पूर्ण काढला. पलटण उतरते तीच एका बंद पोलादी डब्यातून. आत भिंतीवर कुणीतरी खिळ्याने दिवसांच्या रेघा ओढल्यात, दार उघडतं, पांढरा उजेड येतो. बाहेरचं हालमार आपल्याला सैनिकांच्या चेहऱ्यांवरच दिसतं. लाल पट्ट्या नऊवर आल्या, ठिकाणं सातवर.

खंदकाचा सेट मापात बसवणं हे सगळ्यात समाधानाचं काम होतं. आठ फुटी पट्ट्यांचे चोवीस तुकडे धरले, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सुमारे ९६ फूट लांबीचा खंदक. तुकडे सुटे ठेवले तर नागमोडी, काटकोनी, दुभागलेला अशा तीन रचना त्यातूनच होतात. दर १६ ते २० फुटांवर वळण हवंच. खऱ्या युद्धातही खंदक सरळ खणत नसत, नाहीतर एका स्फोटाने सगळी रांग जाईल. कॅमेऱ्यालाही ते सोयीचं, कारण वळणापलीकडे काय आहे ते बांधावंच लागत नाही. गणवेश चाळीस. चार हजारांची पलटण दूरच्या चौकटीत चाळिसांच्या प्रती जोडून होते, आणि जवळच्या चौकटीत चाळीस माणसं भरपूर वाटतात, फक्त खंदक अरुंद ठेवायचा. आमचा आधी सहा फूट रुंद होता. त्यात चाळीस जण हरवून गेले. साडेतीन फूट केल्यावर माणसं एकमेकांना घासून जाऊ लागली आणि सैन्य वाटू लागलं.

लासगनबद्दल दोन गोष्टी. तिला धक्का जवळजवळ नसतो, पण सवयीने प्रत्येक जण खांदा मागे झटकतो. तो झटका दिसला की हत्यार बंदुकीसारखं वाटतं आणि विश्व मोडतं. तालमीत खांद्यावर पाण्याचा अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला ठेवून नेम धरायला लावावा, पाणी सांडलं की पुन्हा. दुसरं, प्रकाशाची रेघ नंतर संगणकावर काढता येते, पण तिचा उजेड चेहऱ्यावर पडायला हवा. नळीच्या तोंडाशी एलईडीची छोटी पट्टी आणि घोड्याला बटण जोडलं तर तो उजेड जागच्या जागी मिळतो. ते केलं नाही तर प्रत्येक चौकटीत गाल, भिंत, धूर रंगवत बसावं लागतं.

स्पेस मरीन पूर्ण काढून टाकावा की नाही, यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. शेवटी संपूर्ण हंगामात एकच ठेवला, सातव्या भागापासून, एकूण अकरा मिनिटं. आणि त्याला प्रत्यक्षात किती जागा लागते ते बघायला फोमचं चिलखत करून पाहिलं. १० मिमीची ईव्हीए (फोमचा एक प्रकार) शीट मोठ्या पत्र्यांना, ६ मिमी सांध्यांना, २ मिमी कडांना. फोम कापल्यावर रंग लावण्याआधी त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर हीट गन फिरवावी लागते. त्याने छिद्रं मिटतात आणि पृष्ठभाग किंचित चमकू लागतो. ते न करता रंगवलं तर फोम रंग पीत राहतो, चार हात देऊनही डाग दिसतात. आमचा डाव्या खांद्याचा पत्रा दोनदा उसवला तो चिकटवण्याच्या घाईमुळे. कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही कडांना लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा असतो. बोट लावल्यावर चिकटत नाही असा झाला की मगच जोडायचा. ओला असताना जोडला की वरून धरल्यासारखा वाटतो आणि पहिल्यांदा हात वर केला की सुटतो. खिडक्या उघड्या हव्यात, तोंडाला बाष्परोधक मास्क हवा.

चिलखत घालणारा माणूस १८८ सेंटिमीटरचा. बुटांखाली १२ सेंटिमीटरचे ठोकळे, वर शिरस्त्राण, मिळून २०८. खांदेपत्रे लावल्यावर रुंदी १०७ सेंटिमीटर, आणि खोलीचा दरवाजा ९० सेंटिमीटरचा. त्याला तिरकं होऊन, आधी डावा खांदा, मग मान खाली घालून बाहेर यावं लागलं. ते बघताना सातव्या भागातला प्रवेश जागच्या जागी बदलला. आधी तो भिंत फोडून येत होता. आता बंकरच्या दाराबाहेर काहीतरी थांबतं, फटीतला उजेड जातो, आणि मग इतकं मोठं ते शरीर अगदी सावकाश, तिरकं होत आत येतं. आतले सैनिक टाळ्या वाजवत नाहीत. भिंतीला चिकटतात. कॅमेरा खालून वर बघणारा ठेवायचा नाही, ती चाल दोन वेळात जुनी होते. कॅमेरा सैनिकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे चौकटीत चेहरा येतच नाही, छातीवरचा गरुड तेवढा येतो.

दोन गोष्टी मात्र फसल्या. शिरस्त्राणाची भिंगं पाच मिनिटांत धुकटली. आत ४० मिमीचा छोटा पंखा आणि कमरेला पॉवर बँक लावून ते सुटलं, पण पंख्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो, शिवाय मांड्यांचा फोम एकमेकांवर घासून चिरचिरतो. त्यामुळे मरीनचे सगळे संवाद नंतर मुद्रित करायचे असंच धरावं. दुसरं अपयश मोठं होतं. कथेत हे योद्धे विजेसारखे चपळ असतात, आणि चिलखतातला माणूस पाण्यात चालल्यासारखा चालतो. वेग वाढवून बघितला, विनोदी झाला. शेवटी त्याचं लढणं दाखवायचंच नाही असं ठरलं. तो स्थिर उभा दिसतो, मग अंधार, आवाज, आणि मग खंदकाच्या पुढच्या वळणावर काय उरलंय ते.

याच चिलखताने आमची आणखी एक चूक उघडी पाडली. पहिलं चित्र आम्ही मार्क दहा या चिलखताच्या नमुन्याचं काढलं होतं, कारण हल्लीच्या पुतळ्यांत तेच दिसतं. ते प्रायमॅरिस, म्हणजे नव्या, अधिक उंच मरीनचं. आमची कथा ९९८.एम४१ मध्ये, म्हणजे एकेचाळिसाव्या सहस्रकाच्या ९९८व्या वर्षी घडते, केडिया पडण्याआधी, आणि प्रायमॅरिस त्यानंतरचे. मार्क सात घेतलं. छातीवरचा गरुड त्यातूनच आला, आणि उंचीची गरजही कमी झाली. वर्ष आधी ठरवा, मग पोशाख काढा. उलट केलं तर एक रविवार वाया जातो.

आता तारखेविषयी, कारण आमच्या सगळ्या आराखड्याचा कणा तीच झाली. साम्राज्याची तारीख अशी लिहितात: ३ ४१२ ९९८.एम४१. शेवटी सहस्रक, त्याआधी वर्ष, त्याआधी वर्षाच्या हजार भागांतला कितवा भाग, आणि सर्वांत पुढे एक सुटा आकडा. तो आकडा सांगतो की ही नोंद किती भरवशाची आहे. शून्य म्हणजे खुद्द पृथ्वीवरची, नऊ म्हणजे निव्वळ अंदाज. प्रत्येक भाग लेखनिकाच्या वहीतल्या तारखेने सुरू होतो. पहिल्या भागात पुढचा आकडा तीन आहे. टायरनिडांचा थवा जवळ येऊ लागला की वॉर्पमध्ये त्यांची सावली पडते, निरोप येणं-जाणं बंद होतं, जहाजंही अडकतात. अ‍ॅस्ट्रोपाथ आधी बडबडते, मग गप्प होते, मग मरते. वहीतला आकडा चढत जातो. आपण जगापासून तुटलोय हे कुणाच्या तोंडून वदवायची गरजच पडली नाही.

लेखनिक हे मुख्य पात्र झालं ते यामुळे. त्याच्या टेबलाचे संदर्भ आम्हाला लांब शोधावे लागले नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. आमच्या दफ्तरखान्यात पुस्तकांची कपाटं नाहीत, छतापर्यंत रुमाल आहेत. आणि लिहिण्याची लय मोडीवरून घेतली: आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग हात न उचलता तिला अक्षरं लोंबकळवत जायचं. लिपी मोडी नाही, ती आम्ही वेगळी काढली, पण हाताची ती हालचाल कॅमेऱ्यात फार चांगली दिसते. शेवटच्या भागात रेघ ओढलेली असते आणि अक्षरं संपतात. चिलखतावरच्या मेणाच्या मोहरा खऱ्या लाखेच्या केल्या तर वाकवताना तडकतात. लाल रंगाच्या ग्लू स्टिक वितळवून त्यावर नाणं दाबावं. त्याखालच्या पट्ट्यांचा कागद कडक चहात वीस मिनिटं भिजवून सावलीत वाळवला की चर्मपत्राच्या जवळ जातो. उन्हात वाळवला तर कडा गुंडाळतात.

भुकेचं चित्र मेसोपोटेमियातून आलं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कूत-अल-अमारा इथे सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. सोडवायला आलेल्या फौजा पोचू शकल्या नाहीत, शिधा घटत गेला, घोडे कापले गेले आणि अनेक हिंदी सैनिकांनी धर्मापायी ते मांस बराच काळ नाकारलं. वेढ्यात माणूस गोळीइतकाच तागडीकडे बघून जगतो, हे तिथून उचललं. आमच्या वहीत माणशी रोजचा शिधा पहिल्या भागात ६०० ग्रॅम, तिसऱ्यात ४५०, पाचव्यात ३००, सातव्यात १८०. चार हजार माणसांना ६०० ग्रॅमने दिवसाला २,४०० किलो लागतात. हे आकडे मांडल्यावर जे दिसलं ते आम्ही आधी ठरवलेलं नव्हतं: माणसं मेली की उरलेल्यांचा वाटा वाढतो. पाचव्या भागात लेखनिकाला हे कळतं, सहाव्यात कमिसारला. सहाव्या भागातल्या फाशी देशद्रोहासाठी आहेत की तागडीसाठी, हे कुणी उच्चारत नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या शिध्याची ओळ पडद्यावर येते.

या विश्वावर लिहिताना सगळ्यात सहज होणारी चूक म्हणजे इंपेरियम नायक बनतं. गॉथिक कमानी, झेंडे, समूहगान, आणि आपण नकळत त्यांच्या बाजूने उभे. मूळ खेळात ब्रिटिश उपरोधाचा धागा होता, तो निसटला की उरते ती निव्वळ हुकूमशाहीची आरती. आम्हाला हे मनापासून टाळायचं होतं. म्हणून ठरवलं की शौर्याचं कोणतंही दृश्य आलं की पुढच्याच प्रसंगात त्याची किंमत वहीत लिहिली गेली पाहिजे, आणि मृत्युदंडावर कधीही संगीत वाजणार नाही. दुसरीकडे पंथाचं आमंत्रण खरंच मोहक हवं. दुसऱ्या भागात खाणीतली एक बाई सैनिकाला गरम सूप देते, तिथे कुणी चाबूक घेऊन उभं नसतं, मुलं हसत असतात. तो भाग वाचून दाखवल्यावर ऐकणाऱ्यांना आम्ही विचारायचो, तुम्ही कुठे राहाल, खंदकात की खाणीत? पहिल्या वेळी सगळे खंदक म्हणाले. म्हणजे भाग फसला होता. सूप पुन्हा लिहिलं. बाईचा खोकला काढला, तिच्या डोळ्यांतली चमक काढली, मुलाच्या कपाळावरची वळी काढली. तिसऱ्या वाचनाला निम्मे खाणीत गेले.

काळोख सतत असला की दिसेनासा होतो, हे चौथ्या भागाच्या वाचनात कळलं. अठ्ठेचाळीस मिनिटं मरण, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही कुणाचं नाव आठवेना. तेव्हापासून प्रत्येक भागात दोन उजेडाच्या जागा राखल्या: रिकॅफचा (तिथल्या कॉफीचा) एक पेला तिघांत फिरतो, पत्त्यांच्या डावात कुणी मुद्दाम हरतो, एक जण बुटाला शिवण घालताना गुणगुणतो. हे प्रसंग स्वस्त असतात, आणि शेड्यूल घसरलं की पहिले कापले जातात. त्यांच्या चिकटपट्टीवर आम्ही 'कापू नये' असं लिहून ठेवलं.

कॅननच्या, म्हणजे या विश्वात अधिकृत काय यावरच्या, भांडणांसाठी एक पद्धत ठेवली. दोन आवृत्त्यांत फरक दिसला तर नव्या कोडेक्सला (खेळाच्या अधिकृत पुस्तकाला) मान, आणि तरीही कोडं सुटलं नाही तर दोन्ही गोष्टी दोन पात्रांच्या तोंडी द्यायच्या. ज्या साम्राज्याला स्वतःची तारीख नीट माहीत नाही, तिथे दोन माणसांनी वेगवेगळा इतिहास सांगणं अगदी स्वाभाविक आहे.

पहिला भाग शेवटी ५२ पानांवर आला, पण मोठ्याने वाचला तर ६१ मिनिटं लागली. दोष खंदकातल्या शांततांचा होता. पानावर 'तो थांबतो' हे दोन शब्द असतात, वाचताना ते आठ सेकंद खातात, आणि असे चाळीसेक थांबे निघाले. अकरा ठेवले. तेवढ्यावर वाचनातली चारेक मिनिटं कमी झाली. आठव्या भागाचा खर्च सहाव्या मिनिटापासून आकाशाकडे जातो, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांनी भिंत भरते, म्हणून शेवटचा प्रसंग मुद्दाम हिरवा ठेवला. दफ्तरखाना, एक नट, एक मेणबत्ती. बाहेरचे आवाज थांबलेले. लेखनिक रेघ ओढतो, तारखेच्या पुढे नऊचा आकडा घालतो, शिध्याच्या रकान्यात ४,००० लिहितो, कारण हुकमात तेवढेच आहेत. मग वही रुमालात बांधतो आणि गाठ मारतो.